लाईट गेली

खोलीतून बाहेर पडताना मागं हात करून बटण दाबायचं, ही माझी सवय इतकी जुनी आहे की हात ते काम मला न विचारताच उरकतो. वडील झेडपीच्या शाळेत मास्तर होते आणि लाईट बिलाचा आकडा दर खेपेला ओसरीत उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्या धाकानं लागलेली ही सवय. बँकेत साहेब आत बसलेले असताना त्यांच्या केबिनची लाईट मी दोनदा घालवलीय. साहेब 'अहो मॅडम!' म्हणून ओरडले, मी जीभ चावली, विषय मिटला. पण गेल्या श्रावणात हेच बटण मी एका निवासी मूकबधिर विद्यालयात, मुलींच्या झोपायच्या हॉलमध्ये दाबलं, आणि तो विषय अजून मिटत नाही.

गेले होते मुलांची खाती उघडायला. शिष्यवृत्तीचे पैसे आता थेट खात्यात येतात आणि तिथल्या बऱ्याच लेकरांची खातीच नव्हती. शाळा लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावापासून आत, उघड्या माळावर. दुपारी काम आटोपून परतायचं ठरलं होतं. पण आधारवर एक नाव, जन्मदाखल्यावर दुसरं, बापाचं आडनाव तिसरंच, असल्या भानगडींत संध्याकाळ झाली, आणि मग पाऊस असा कोसळला की ओढ्यावरच्या फरशीवरून पाणी चाललं. मला मोटारसायकलवर घेऊन आलेला आमचा शिपाई 'सकाळी येतो न्यायला' म्हणून आधीच सटकलेला. वसतिगृहाच्या काळजीवाहक मावशींनी त्यांच्या खोलीत माझी गादी टाकली. ज्वारीची भाकरी, पातळ डाळ, बुक्कीनं फोडलेला कांदा असं जेवण झालं, आणि साडेनऊला मावशी म्हणाल्या, 'चला, पोरी काय करतेत ते दावते. आज काय झोपायच्या नाहीत त्या. पंचमीला घरी गेल्या होत्या, आजच आल्यात. पहिली रात अशीच जाते.'

हॉलमध्ये तीसेक मुली रिंगण करून बसल्या होत्या आणि मधोमध आठवीतली एक काटकुळी मुलगी उभी होती. तिची गोष्ट चालली होती. मला एक खूण येत नव्हती, तरी गोष्ट कळत होती: आजी, शेळी आणि दोरीवर वाळत घातलेलं नवं लुगडं. दोन बोटं कपाळावर उभी केली की शेळी. तेच हात खाली येऊन कमरेला पदर खोचला की आजी. शेळी झाली की जबडा आडवा फिरायचा, डोळे अर्धवट मिटायचे, सगळ्या जगाची बेफिकिरी चेहऱ्यावर यायची. आजी झाली की तेच डोळे कपाळात. मध्येच ती दोरी व्हायची, वाऱ्यावर हलणारं लुगडं व्हायची. मी शहरातली बरीच नाटकं पाहिलीत, एवढ्या कमी जागेत एवढी पात्रं कुणी उभी केलेली पाहिली नाहीत. शेळीच्या तोंडात लुगड्याचं टोक गेलं, दुसरं टोक आजीच्या हातात, आता फाटतंय की सुटतंय, आणि नेमका तेव्हा मावशींनी मागून खांद्याला हात लावला. घरून फोन आला होता. मी वळले, दारातून बाहेर पडले, हात मागं गेला.

खट्.

दुसऱ्या क्षणाला फरशी धडधडायला लागली. तीस मुली टाचा आपटत होत्या. एकमेकींना हाक मारायची त्यांची तीच रीत आहे, हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त पायाखालची जमीन रात्री हादरतेय एवढंच कळलं, आणि आमच्या भागातल्या ज्या माणसानं त्र्याण्णव साल बघितलंय त्याच्या पोटात अशा वेळी काय होतं हे वेगळं सांगायला नको. मी चाचपडत बटण शोधलं, लाईट लावली. ती मुलगी होती तशीच उभी होती. दोन्ही हात हवेत, मुठीत नसलेलं लुगडं, जबडा एका बाजूला. तीस तोंडं माझ्याकडं. माफी कशी मागायची? तोंडातून 'सॉरी सॉरी' निघालं ते कुणासाठी होतं कुणास ठाऊक. मग मला जे सुचलं ते मी केलं. दोन्ही हातांनी कान पकडले.

कान ऐकत नाहीत म्हणून घरापासून लांब माळावर येऊन राहिलेल्या तीस मुलींसमोर मी कान धरून उभी राहिले, आणि त्या हसल्या. कसलाही आडपडदा नसलेलं, घशाच्या तळातून येणारं हसू. आपला आवाज केवढा निघतोय याची खबर नसलेल्या माणसाचंच हसू इतकं मोकळं असतं. काटकुळ्या मुलीनं हातानं 'असू दे असू दे' केलं, एक पाऊल मागं घेतलं, शेळीला पुन्हा दोरीपाशी नेलं आणि गोष्ट थोडी अलीकडून सुरू केली. त्यांच्या बाजूनं प्रकरण तिथं संपलं.

माझ्या बाजूनं नाही संपलं, कारण रात्रभर मला आमचं माळवद दिसत राहिलं.

आमच्या गावात, औसा तालुक्यात, माझ्या लहानपणी लाईट जाणं म्हणजे सणच असायचा. लाईट गेली की गल्लीभर 'हो ऽऽ' असा आवाज व्हायचा आणि सगळं घर माळवदावर चढायचं. दिवसभर तापलेली पांढरी माती रात्री पाठीला ऊब द्यायची. उजेडात जी माणसं एकमेकांशी धड बोलत नसत ती अंधारात बोलायची. चुलत्यांनी वाटणीचा विषय वडिलांकडं पहिल्यांदा काढला तो अंधारात. आईनं तिच्या माहेरच्या विहिरीत कोण पडलं होतं ते सांगितलं, तेही अंधारात. आजीच्या भुताच्या गोष्टी तर उजेडात सांगायच्याच नव्हत्या. आज गावाकडची आठवण म्हणून मी कौतुकानं ज्या रात्री सांगते, त्या सगळ्या लाईट नसलेल्या रात्री आहेत.

आत्याही असायची माळवदावर. वडिलांची सख्खी बहीण, जन्मापासून बहिरी. गाव तिला मुकी म्हणायचं. रेशन कार्डावर तिचं छान नाव होतं, ते मला शाळेत जायला लागल्यावर, वाचता यायला लागल्यावर कळलं. माझ्या आजीचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालेलं. आमच्याकडं अशी लग्नं घराघरांत आहेत आणि असं एखादं लेकरूही बऱ्याच घरांत आहे. या दोन गोष्टींचा संबंध असतो असं तेव्हा कुणी म्हणत नव्हतं, आज डॉक्टर सांगतात तरी फारसं कुणी मनावर घेत नाही. आत्याचं लग्न झालं नाही. ती आमच्या घरात राबली. माळवदावर ती नेहमी आईला चिकटून बसायची आणि आईच्या पाठीवर तळवा ठेवायची. सगळे हसले की आईची पाठ हलायची, मग आत्या हसायची. थोडं उशिरा. आम्हा पोरांना त्या उशिराची गंमत वाटायची, आम्ही मुद्दाम पुन्हा हसायचो.

आणि वर येताना ती चिमणी घेऊन यायची. दर खेपेला. पदराचा आडोसा करत एकेक पायरी चढायची, मधोमध ठेवायची आणि सगळ्यांच्या तोंडांकडं बघत बसायची. आजी करवादायची, 'घासलेट काय फुकट येतंय? घाल ती चिमणी. किडे येतेत.' मग कुणीतरी फुंकर मारायचं.

बहुतेक वेळा मीच मारायचे. मला ते काम आवडायचं.

आता हिशोब मांडून बघितला तर आमच्या घरात आत्यासाठी पंचवीस-तीस खुणा होत्या. दोन तळव्यांनी थापलं की भाकरी. अंगठा तोंडाकडं नेला की पाणी. दोन्ही मुठी गोल फिरवल्या की दळण. शिंगं म्हणजे ढोरं. बाजाराचा दिवस, देवीचा उपवास, पाहुणे आलेत, असल्याही दोनचार. पण जवळपास सगळ्या खुणा कामाच्या. आण, ने, जेव, झोप, वाढ, झाडून घे. 'का' या शब्दाला आमच्याकडं खूण नव्हती. लागलीच नाही कधी. तिला आम्ही कशाचं कारण सांगितलं नाही आणि तिनं विचारलं असेल तर ते विचारणं आहे हे आम्हाला ओळखू आलं नाही. माझ्यासाठी तर तिची एकच खूण. मी दिसले रे दिसले की ती तर्जनी नाकाखालून आडवी ओढायची. नाक पूस! लहानपणी माझं नाक वाहायचं हे खरं, पण पुढं कॉलेजातून सुट्टीला आले तरी तेच. माझ्या हळदीला, चाळीस पाहुण्यांसमोर, मांडवाच्या त्या टोकाहून तिनं बोट नाकाखालून ओढलं. मी चिडून रुमालानं नाक पुसलं. काही नव्हतं नाकाला.

दिवसभर शाळेत काय बघितलं ते सांगायचं राहिलंच. मला वाटलं होतं, मूकबधिर शाळा म्हणजे शांतता असेल. कसली शांतता! ताटं दाणकन आदळतात, दारं धाडधाड लागतात, लोखंडी कॉट फरशीवरून खरखर ओढली जाते, पळणाऱ्या पोरांच्या तोंडून काहीतरी सतत निघत असतं. आवाज दाबायचं कुणाला कारणच नाही. त्यात श्रवणयंत्रांच्या शिट्ट्या. कानातला साचा सैल बसला की यंत्र शिट्टी मारतं, आणि लेकरू वाढतं तसा साचा सैल होतो. उन्हाळ्यात इथं पारा बेचाळीसच्या वर जातो आणि घामानं यंत्रं बंद पडतात, म्हणून रात्री ती सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात झाकून ठेवतात. स्टीलचा भाकरीचा डबा असतो तसा तो डबा. वर मुलांची नावं चिकटवलेली.

फॉर्मवर पत्ता लिहिताना गावं विचारावी लागत होती. मुलं हातानं सांगायची, शेजारी उभे असलेले सर मला तोंडानं. कपाळभर मळवट ओढला की तुळजापूर. कमरेवर दोन्ही हात ठेवून उभं राहिलं की पंढरपूर. अंगावर चादर ओढून घेतली की सोलापूर. मला मजा वाटायला लागली होती, पुढचं गाव मी ओळखायचं असा खेळच झाला. मग सातवीतला एक मुलगा आला. त्यानं दोन्ही पंजे जमिनीकडं करून गदागदा हलवले, एवढंच.

सर म्हणाले, 'किल्लारी.'

मुलगा बारा-तेरा वर्षांचा. भूकंप झाला तेव्हा त्याची आईसुद्धा परकरात असेल. त्याच्या तोंडावर काही नव्हतं, आपण शाळेचं नाव सांगतो तसं त्यानं सांगितलं आणि सही करायला पेन मागितला. सही मात्र झोकात केली, खाली दोन रेघा मारून.

तो भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन. आमच्याकडच्या माणसांना यापुढं काही सांगावं लागत नाही. मी तेव्हा बारा वर्षांची. मिरवणुकीत आत्या हलगीवाल्याच्या अगदी पुढ्यात उभी राहायची, दरवर्षी. हलगी आणि ढोल एवढंच संगीत तिच्यापर्यंत पोहोचायचं, छातीच्या फासळ्यांतून. तळवा छातीवर धरून, डोळे मिटून ती उभी असायची आणि बायका म्हणायच्या, 'बघा, मुकीला ऐकू यायलंय.' त्या रात्रीही ती शेवटपर्यंत होती. बारा वाजता आम्ही येऊन आडवे झालो. पहाटे घर हललं, माती गळायला लागली, आई आम्हाला ओढत अंगणात घेऊन आली. माळवदाची घरं म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर हातभर मातीचा भार. उन्हाळ्यात गार राहतात म्हणून आम्ही मिरवायचो, त्या भारानंच माणसं गेली. आमची पुढची भिंत खचली, पण आम्ही सगळे बाहेर आलो. आत्या दारात उभी होती. तळवा छातीवर होता. धुळीत कुणीतरी बॅटरी मारली आणि उजेड तिच्या तोंडावर पडला.

ती हसत होती. तिला वाटलं होतं, हलगी परत आली.

पुढं दिवस उजाडल्यावर तिनं काय बघितलं ते बघितलंच. त्यानंतर आमचे कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये गेले, लाईट नव्हतीच, रोज रात्री अंधारात गावभरची माणसं बोलत बसायची: कोण कुठं झोपलं होतं, कोण कसं निघालं, जमिनीच्या पोटात काय होतं, सरकारी माणसं काय म्हणतायत. बोलून बोलून लोकांनी ती रात्र झिजवली. आत्याला कुणी काही सांगितलं नाही. सांगणार कसं? घर, पडलं, झोपले. आमच्याकडं एवढ्याच खुणा. पुढच्या वर्षी गणपतीत हलगी वाजायला लागली तशी ती धावत गेली आणि तिनं हलगीवाल्याचे हात धरले. लोक म्हणाले, भूकंपानं मुकीच्या डोक्यावर परिणाम झाला. मीही तेच समजत होते. तिच्या हिशेबानं हलगी वाजली आणि घरं पडली, एवढा सरळ हिशेब होता तो, हे कळायला मला मोठं होऊन नोकरीला लागावं लागलं. तोवर ती गणपतीचे दहा दिवस घराबाहेर पडत नव्हती, २०११ साली गेली तोवर.

शाळेतले सर निवृत्तीला आलेले आहेत. संध्याकाळी पाऊस बघत त्यांच्याशी बराच वेळ बोलणं झालं. वाचा-उपचाराच्या खोलीत भिंतभर आरसा आहे, त्यासमोर त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, 'मॅडम, मी आवाज न काढता तीन शब्द बोलतो, ओठ बघून सांगा.' तीनदा ओठ हलले. मला तिन्ही वेळा एकच शब्द दिसला. त्यांनी आवाज काढून तेच म्हटलं: पापा, बाबा, मामा. प, ब, भ, म, सगळ्यांना ओठ सारखेच मिटतात. क, ग, ह तर घशात होतात, दिसतच नाहीत. 'आणि आम्ही वर्षानुवर्षं लेकरांना सांगत होतो, ओठ वाचा, बोला, हात हलवू नका. मी स्वतः पट्टी मारलीय हातांवर. आम्हाला तसंच शिकवलं होतं.' हे ते सहज म्हणाले, पण म्हणताना आरशाकडं बघत होते. ओठांवरच शिकवायचं, खुणा बंद, हा ठराव १८८० साली इटलीत मिलान शहरात झाला, बहिऱ्यांच्या शिक्षणासाठी भरलेल्या परिषदेत, आणि ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. तो चुकला असं त्याच परिषदेनं २०१० साली कॅनडात व्हँकुव्हरला म्हटलं. मध्ये एकशे तीस वर्षं. कुठलं मिलान आणि कुठला आमचा माळ, पण पट्टी मात्र बरोबर इथवर पोहोचली.

आता सर फोनवर सांकेतिक भाषेचा शब्दकोश उघडून बसतात. दिल्लीच्या केंद्रानं केलेला, २०२१ साली तो दहा हजार शब्दांचा झाला. मुलं त्यातल्या खुणा शिकतात आणि आपल्या मोडतोड करून वापरतात, जशी आपण पुस्तकातली मराठी वापरतो. दहा हजार! मी मनात आमच्या तीसाशेजारी तो आकडा ठेवून बघितला. फाटकावरच्या पाटीकडं बोट करून सर म्हणाले, 'कायद्यात आता मोजमाप आहे. दोन्ही कानांना सत्तर डेसिबलचा तोटा असला की बधिर, साठ ते सत्तर असला की ऐकायला कमी. पण मूक? त्याचं मोजमाप दाखवा मला. ह्यात मूक कोण आहे?'

शाळेबद्दल गोड गोड लिहिणंही मला जमणार नाही. मावशींनी झोपताना सांगितलं, सहा-सहा वर्षांची लेकरं येतात. आधी दोन-तीन वर्षं 'बोलंल उशिरा, बापबी उशिराच बोलला होता' यात गेलेली. आई-बाप फाटकात सोडून जातात तेव्हा 'मी पंधरा दिवसांनी येते' हे त्या लेकराला सांगायची सोयच नसते, कारण त्याच्याजवळ अजून भाषा नाही आणि आईजवळ त्याची भाषा नाही. त्याला वाटतं, टाकून दिलं. महिनाभर फाटकाचा गज धरून उभी राहतात. 'मग?' मी विचारलं. मावशी म्हणाल्या, 'मग बोलायला शिकतेत. आन् मग घरी जायचं म्हटलं की रडतेत. घरी कोण बोलतंय त्यांच्यासंगं? पंचमीला गेली तरी आईला भाकरी थापू लागायची, झोका खेळायचा, गप बसायचं. हितं आल्याबिगर त्यांचं पोट रिकामं होत नाही.' म्हणजे ती शेळीची गोष्ट आठवडाभर त्या मुलीच्या पोटात होती. जिथं घडली तिथं एकाही माणसाला सांगता न आलेली. आजी स्वतः तिच्या समोर असताना.

मी माझ्या बँकेचंही आठवत पडले होते. आमच्याकडं टोकन नंबर पुकारतात. एकदा एक तरुण सकाळी अकराला आलेला दुपारी दोनपर्यंत बाकावर बसून होता, नंबर केव्हाच होऊन गेलेला. शिपाई म्हणाला, 'चार वेळा वरडलो मॅडम, बहिरा हाय का काय!' होता. मी त्याचं काम पुढं घालून करून दिलं आणि दिवसभर स्वतःवर खूश होते. पुकारणं अजून तसंच आहे.

सकाळी आभाळ उघडलं. मैदानात चिखल, चिखलात विटा मांडलेल्या, विटांवर पाय ठेवत मुलं प्रार्थनेला रांगेत आली. मी निघायच्या तयारीत व्हरांड्यात उभी. मुलींच्या रांगेतून ती काटकुळी माझ्याकडं बघून शेजारणीला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते दिसलं: मान पुढं, चाललेलं माणूस, एक हात मागं गेला आणि अंगठ्यानं हवेत दाबलं. शेजारणीनं तेच पुढं दिलं. बघता बघता सगळ्या रांगेचा एकेक हात मागं गेला. मुलांच्या रांगेत रात्रीचं कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनाही ते तेवढ्यात कळवण्यात आलं. सर ओशाळले. म्हणाले, 'नाव ठेवलंय मॅडम त्यांनी तुमचं. वाईट नका वाटून घेऊ, ते सगळ्यांचं ठेवतात. जे नजरेत भरलं ते. हे माझं,' म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशावर दोनदा बोटं आपटली. खिशात खडू असायचे म्हणे नोकरीच्या पहिल्या वर्षी. खडू जाऊन पेन आलं, नाव तेच. मावशींचं नाव हनुवटीवरचा तीळ. 'एकदा पडलं की बदलत नाही. पंधरा वर्षांनी आलात तरी पोरं तुम्हाला ह्याच नावानं ओळखतील.'

दोन आठवड्यांनी आईकडं गेले. ती धाकट्या भावाकडं गावातच असते, भूकंपानंतर बांधलेल्या स्लॅबच्या घरात. चहा पिताना मी तिला सगळं सांगितलं: शेळी, लाईट, कान धरले ते, आणि हे नाव. ती खूप हसली. मग म्हणाली, 'त्यात काय नवं? आपल्या घरात बी सगळ्यांची होती की नावं.'

मी म्हटलं, 'कसली नावं?'

'तुझ्या आत्यानं ठेवलेली. तुला काय वाटलं, आम्ही शिकवलाव तिला खुणा? मी लगीन होऊन आले तवा तिनंच मला शिकवलं. भाकरी असं, पाणी असं. मला काय येत होतं?' तिनं एकेक नाव करून दाखवलं. आजी म्हणजे ओठ आत ओढून बोळकं. अण्णा, माझे वडील, म्हणजे टोपी सारखी करणं. चुलते म्हणजे मिशीला पीळ. आणि आईनं आपला उजवा हात वर केला, डाव्या हातानं मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या सारल्यासारखं केलं. 'ही मी. हातभर चुडा होता ना तवा.' हातात आता काही नव्हतं. अण्णांना जाऊन बरीच वर्षं झाली. 'अण्णा गेल्यावर बी ती मला असंच हाक मारायची. आधी लई रडू यायचं मला. मग नंतर ती गेल्यावर वाटलं, आता ह्या नावानं कोण बोलवणार.'

भावाची मुलगी आत येऊन टीव्ही लावून गेली. आईनं चहाचे कप उचलले, पुन्हा खाली ठेवले.

मी विचारलं, 'आणि मी?'

आईनं माझ्याकडं जरा नवलानंच बघितलं. 'तुला म्हाईत नाही?' म्हणाली, आणि तर्जनी नाकाखालून आडवी ओढली.

आणि माझा हात, मला न विचारताच, रुमालाकडं गेला.